सोळा गुरुवार

आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंचें माझ्या जाण्यायेण्याकडे बारीक लक्ष असतें. गेल्या श्रावणाच्या अखेरीपासून दर गुरुवारीं सायंकाळीं पांचाच्या सुमारास मी पिशवींत चष्म्याचें घर, एक वही व एकदोन जाड पुस्तकें घालून बाहेर पडूं लागलों, हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. तीनचार आठवडे लोटल्यावर त्यांनीं मला जिन्यांत गांठून विचारलें, "कसलें व्रत धरलेंत?" मी म्हणालों, "वाचनाचें." "किती गुरुवार?" "सोळा." हें ऐकून त्यांची मुद्रा एकदम प्रसन्न झाली. सोळा सोमवार त्यांनीं स्वतः दोन वेळां केले होते. सोळा गुरुवार त्यांच्या ऐकिवांत नव्हते, परंतु आंकडा ओळखीचा असल्यामुळें व्रत अस्सल असलें पाहिजे अशी त्यांची खात्री पटली. उद्यापनाला बोलवायला विसरूं नका, असें बजावून त्या वर गेल्या.

ते सोळा गुरुवार मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळा अध्यायांचे होते, हें मीं त्यांना त्या वेळीं सांगितलें नाहीं. लाज वाटली म्हणून नव्हे. जिन्यांत उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, एवढेंच.

नगर शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. पण आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं तें अजून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं येथें आपलें ठाणें घातलें, तेव्हांपासून या शहरांत व भोंवतालच्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती कुटुंबें वाढत गेलीं. त्यांपैकींच एका कुटुंबांतला माझा मित्र. आम्ही दोघे एकाच खेड्यांत जन्मलों, एकाच बाकावर बसलों. त्याचे वडील मिशनच्या शाळेंत मास्तर होते. माझे आजोबा याज्ञिकी करीत, थोडें वैद्यक जाणत, आणि गांव त्यांना शास्त्रीबोवा म्हणे. पुढें तो बँकेंत चिकटला, मीं हायस्कुलांत संस्कृत शिकविलें. आणि निवृत्तीनंतर पाहतों तों आम्हां दोघांचीं घरें एकमेकांपासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर आलेलीं.

दोन वर्षांपूर्वीं त्याच्या डोळ्यांना विकार जडला. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत जातो आणि जें पाहावें नेमकें तेंच पुसट होतें, असा हा विकार आहे. कडेचें सगळें शाबूत असतें. त्याच्या वडिलांच्या बायबलांतील समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणा त्याला दिसत, पण ज्या शब्दासाठीं खूण केली तो शब्द दिसत नसे. नातवानें मोबाईलवर सबंध नवा करार वाचून दाखविण्याची सोय करून दिली होती. ती त्याला आठ दिवसांत नकोशी झाली. "वाचतो चांगला," तो मला म्हणाला, "पण त्याला कधीं शंका येत नाहीं. तूं वाचशील काय? तुला शंकांशिवाय दुसरें कांहीं येत नाहीं."

मार्कच कां, असें मीं विचारलें. तें सर्वांत आंखूड आहे आणि तुझा धीर तेवढाच टिकेल, असें त्यानें उत्तर दिलें. रविवार त्याच्या उपासनेचा, शनिवार माझ्या उपासाचा. म्हणून गुरुवार ठरला. नियम त्यानें घातला : आठवड्याला एकच अध्याय, आणि मधल्या दिवसांत पुढचें पान उलटायचें नाहीं.

हा नियम मला फार जड गेला. मी पारायणाच्या घरांत वाढलेला. आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसे, आणि पन्नासांहून अधिक अध्याय सात दिवसांत पुरे होत. त्या वाचनाचें पुण्य गतींत होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु लहानपणीं मला तरी तें आगगाडीच्या खिडकींतून शेतें पाहिल्यासारखें वाटे. त्याच संवयीनें पुढें मीं काव्यें वाचलीं, कादंबर्‍या वाचल्या, आणि शेवटीं काय होतें हें कळलें कीं ग्रंथ संपला असें समजलों. येथें तर शेवट काय होतो हें सार्‍या जगाला ठाऊक! मग सात दिवस थांबायचें तें कशासाठीं?

त्यांत मार्काची घाई. जगांतल्या कोणत्याहि धर्मग्रंथाला एवढी घाई नसेल. त्याच्या ग्रीकांत "लगेच" या अर्थाचा एकच शब्द सुमारें चाळीस वेळां आला आहे. बाळाचा जन्म नाहीं, वंशावळ नाहीं, गाईचा गोठा नाहीं. पहिल्याच अध्यायांत नायक तीस वर्षांचा होऊन नदीवर येतो, रानांत जातो, कोळ्यांना हांक मारतो, रोगी बरे करतो, आणि पंचेचाळीस ओव्यांत एवढें सगळें उरकून लेखक पुढच्या अध्यायाकडे धांवतो. (वचनाला 'ओवी' म्हणण्याची मित्राच्या घरीं चाल आहे, ती मला ऐकतांच आवडली.) वाक्यें सगळीं "आणि" या शब्दानें जोडलेलीं. संस्कृताच्या मास्तराला हें कसें रुचावें? पहिल्या गुरुवारीं मीं घरीं येऊन वहींत लिहिलें, "रचना शिथिल, उभयान्वयी अव्ययांचा अतिरेक." जणूं कांहीं निबंध तपासायला आला होता!

पुढें वाचनांत आढळलें कीं, हें मत माझें एकट्याचें नव्हतें. संत ऑगस्टीननें मार्काला मत्तयाच्या मागून चालणारा, त्याचाच संक्षेप करणारा मानलें. आणि मार्कांतला बहुतेक मजकूर मत्तयांत आहेच, मग हा कशाला, या विचारानें शतकानुशतकें या पुस्तकाची उपेक्षा झाली. एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडितांनीं हा क्रम उलटा केला. मार्क संक्षेप नसून मूळ आहे, तो इसवी सन ७० च्या आगेंमागें लिहिला गेला आणि मत्तय व लूक यांनीं त्याच्यावरून घेतलें, हें मत आतां बहुतेक सर्व अभ्यासक मान्य करतात. ज्याला आम्ही आंखूड प्रत समजलों तीच पहिली निघाली. मित्राला हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या विद्यार्थ्यानें कोणाची नक्कल केली नव्हती तर."

पण चवथ्या गुरुवारीं मला या लेखकाची पहिली चव लागली. तलावांत वादळ उठतें आणि येशू नावेच्या मागच्या बाजूस झोंपलेला असतो, हें मत्तयहि सांगतो, लूकहि सांगतो. त्याच्या डोक्याखालीं उशी होती, हें एकटा मार्क सांगतो. ती उशी कथेला कांहीं उपयोगाची नाहीं. दुसर्‍या दोघांनीं ती काढून टाकली यांत नवल नाहीं. पुढें पांच हजारांच्या जेवणाच्या वेळीं लोक गवतावर बसले तें गवत हिरवें होतें, हेंहि तोच सांगतो. तो आठवडाभर मी त्या उशीचाच विचार करीत होतों. सगळें पुस्तक एका बैठकींत वाचलें असतें तर ती माझ्या हातून वार्‍यावर उडाली असती. सात दिवस थांबण्याचा उपयोग काय, याचें थोडेंसें उत्तर मला तेथें मिळालें.

पांचव्या अध्यायांत भुतें डुकरांच्या कळपांत शिरतात आणि सुमारें दोन हजार डुकरें कड्यावरून तलावांत बुडून मरतात. मित्राच्या पत्नी स्वयंपाकघरांतून ऐकत असत, त्या ओल्या हातानें दारांत येऊन म्हणाल्या, "भाऊजी, डुकरें कोणाचीं होतीं? त्याचें कोणी भरून दिलें कां?" आम्ही दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. दोन हजार हा आंकडा मार्कानें दिला आहे, मालकाचें नांव दिलेलें नाहीं. वहिनींच्या त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला अद्याप सांपडलेलें नाहीं.

आतां सातव्या अध्यायाकडे येतों. ज्याच्यासाठीं हें लिहायला घेतलें तो भाग हाच.

मराठी नव्या करारांत येशूशीं वारंवार वाद घालणार्‍या पंडितांना जें नांव आहे तें 'शास्त्री'. मिशनर्‍यांनीं व त्यांच्या मराठी पंडितांनीं योजलेला तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या तसाच छापला जात आहे, आणि भाषांतर म्हणून त्यांत चूक काढण्यासारखें कांहीं नाहीं; जो शास्त्र जाणतो, लिहितो, त्याचा निर्णय देतो तो शास्त्रीच. परंतु दर गुरुवारीं माझ्याच तोंडून 'शास्त्री व परूशी' हा जोड शब्द बाहेर पडे, आणि आरोपीच्या पिंजर्‍यांत आजोबा उभे आहेत असा मला भास होई. पंडिता रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत आणलें, १९२२ सालीं देह ठेवण्यापूर्वीं तें काम पुरें केलें, आणि १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तीमध्यें तें छापून निघालें. एका शास्त्र्याच्या लेकीला हीं पानें लिहितांना काय वाटलें असेल, हा विचार माझ्या मनांत अनेकदां आला.

सातव्या अध्यायाच्या आरंभीं यरुशलेमाहून आलेले शास्त्री येशूच्या शिष्यांना दोष देतात, कीं हे न धुतलेल्या हातांनीं जेवतात. येथें मार्क थांबून परक्या वाचकांसाठीं खुलासा करतो : यहुदी लोक वाडवडिलांच्या रीतीप्रमाणें हात धुतल्याशिवाय जेवत नाहींत, आणि पेले, घागरी, तांब्याचीं भांडीं धुण्याच्याहि त्यांच्या अनेक रीती आहेत. एवढें वाचल्यावर मला राहवलें नाहीं. पुस्तक मांडीवर उपडें ठेवून मीं परूशांची वकिली सुरू केली. म्हटलें, हा लेखक विरुद्ध पक्षाचा आहे, त्याच्या साक्षीवर निकाल देऊं नये. देवळांतल्या याजकांना जी शुचिता लागे ती सामान्य माणसाच्या घरच्या पानालाहि असावी, प्रत्येक चूल ही वेदी व्हावी, ही परूशांची दृष्टि होती. तींत उदात्त असें कांहीं नव्हतें काय? सन ७० मध्यें रोमन सैन्यानें देऊळ उध्वस्त केल्यावर यहुदी धर्म टिकला तो याच परंपरेंतून निघालेल्या रब्बींच्या हातून. हात धुण्यांत ढोंग तें कसलें? बोलतां बोलतां मला चांगलाच रंग चढला. आज तीं वाक्यें आठवलीं तरी त्यांत असत्य कांहीं नव्हतें असेंच मी म्हणेन.

मित्र शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्यानें विचारलें, "हातांचें समजलें. भांड्यांचें काय?"

"भांड्यांचेंहि तेंच."

"तुमच्या ओट्यावरच्या कोनाड्यांत एक कप होता," तो म्हणाला. "पांढरा, निळ्या वेलाचा. त्याचा कान तुटलेला होता."

मला तो कप आठवला. पणतीच्या शेजारीं पालथा घातलेला, कांठावर टवका उडालेला. इतकीं वर्षें माझ्या आठवणींतला तो नुसता कोनाड्यांतला एक कप होता. तो कोणाचा होता, हें मात्र त्या क्षणापर्यंत मला आठवत नव्हतें.

गोष्ट १९६२ सालची. सातवीच्या परीक्षेसाठीं आम्ही दोघे आमच्या ओट्यावर बसून गणितें करीत असूं. चार वाजतां आजी चहा आणी. माझा चहा आंतल्या कपांत येई. त्याचा, आजी वरून त्या कपांत ओती. त्याचा चहा पिऊन झाला कीं आजी तांब्यानें वरून पाणी घाली, तो कप विसळी आणि स्वतः कोनाड्यांत पालथा घाली. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन तेव्हां सात वर्षें झालीं होतीं. त्याच्या आजोबांनीं बापतिस्मा घेतला होता; त्यानें घराण्याचा देव बदलला, गांवाच्या लेखीं जात बदलली नव्हती. आजी कठोर नव्हती. त्याला ताप आला तेव्हां तिनें काढा करून माझ्या हातीं पाठविला होता, आणि त्याचे मार्क माझ्यापेक्षां अधिक आले तेव्हां त्याला गूळखोबरें दिलें होतें. हातावर, वरून टाकून.

"तूं कधीं बोलला नाहींस," मी म्हणालों.

"तूं कधीं विचारलें नाहींस. पुढें वाच."

मीं तेविसाव्या ओवीपर्यंत कसेंबसें वाचलें आणि डोकें दुखतें असें सांगून उठलों.

पुढच्या गुरुवारीं मी गेलों नाहीं. सर्दी झाल्याचा निरोप पाठविला. त्या आठवड्यांत मीं नियम मोडून सातव्या अध्यायाचा राहिलेला भाग घरीं वाचून पाहिला, आणि तो वाचल्यावर त्याच्यापुढें बसून हें मोठ्यानें वाचणें आपल्याकडून होणार नाहीं असें मला वाटलें. सोराच्या मुलखांतली एक परधर्मी बाई आपल्या मुलीसाठीं पायां पडते, आणि तिला पहिलें उत्तर असें मिळतें कीं, मुलांची भाकर कुत्र्यांपुढें टाकूं नये. भाष्यकारांनीं या ठिकाणीं पुष्कळ सारवासारव केली आहे. मूळ ग्रीक शब्द लघुत्ववाचक आहे, म्हणजे घरांतलीं लाडकीं पिलें, असें ते सांगतात. व्याकरण म्हणून तें बरोबर आहे. पण शिवीला लघुत्ववाचक प्रत्यय लावल्यानें ती शिवी राहत नाहीं, असें कोणत्याहि व्याकरणांत लिहिलेलें नाहीं.

त्या आठवड्यांत मी आजीवर रागावलों, मग आजीची बाजू घेऊन मित्रावर रागावलों, मग बारा वर्षांच्या मुलाला काय कळत असतें म्हणून स्वतःला सोडवूं पाहिलें. पण तोहि बाराच वर्षांचा होता आणि त्याला सगळें कळत होतें. शेजारच्या बाईंनीं त्या गुरुवारीं मला घरीं पाहून विचारलें, "आज गेलां नाहींत? व्रतांत खंड पडला तर पहिल्यापासून धरावें लागतें." मी बरें म्हणालों.

त्याच्या पुढच्या गुरुवारीं पाय आपोआप तिकडे वळले असें लिहिलें तर तें खोटें होईल. मी दोनदां कोपर्‍यावरून परत फिरलों. घरांत शिरतांच मीं माफी मागायचें म्हणून जें पाठ केलेलें होतें तें बोलूं लागलों. वाक्य लांबलचक होतें, त्यांत 'त्या काळची सामाजिक परिस्थिति' असे शब्द होते. त्यानें हात वर केला. "बैस. चोविसाव्या ओवीपासून."

मीं वाचलें. कुत्र्यांच्या ओवीपाशीं माझा आवाज बसला. त्यानें कांहीं म्हटलें नाहीं; पण वहिनी दारांतून म्हणाल्या, "ही तर आमच्या आजेसासूबाईंची गोष्ट!" आणि मग त्या दोघांनीं मिळून मला सांगितलें तें असें. त्याच्या आजीला अक्षरओळख नव्हती. मिशनच्या बायबलबाईंच्या तोंडून ऐकून ऐकून तिनें ज्या गोष्टी पाठ केल्या होत्या त्यांत ही तिची सर्वांत लाडकी. पहाटे दळतांना ती सुनांना सांगे. कोणतीहि सारवासारव न करतां सांगे. कुत्रा म्हणजे कुत्राच. पण त्या बाईनें काय केलें, हें सांगतांना जातें थांबवी. ती उठून गेली नाहीं, रडली नाहीं, मी कुत्री नव्हे असाहि वाद तिनें घातला नाहीं. ती म्हणाली, बरें, कुत्रीं तर कुत्रीं. पण मुलांच्या हातून मेजाखालीं सांडतें तें कुत्र्यांचेंच ना? त्याची आजी म्हणे, तिनें शिवी भुईवर पडूं दिली नाहीं, वरच्या वर झेलली आणि तिचीच भाकर करून मागितली.

मीं पिशवींतून मत्तयाचें पान काढून ताडून पाहिलें. मत्तयाकडे तीच गोष्ट आहे, पण तेथें त्या बाईच्या विश्वासाची वाखाणणी होऊन मुलगी बरी होते. मार्काकडे विश्वासाचें नांव नाहीं. तेथें तिच्या बोलण्यामुळें मुलगी बरी होते. तिच्या त्या उत्तरामुळें. सबंध पुस्तकांत शास्त्री, परूशी, सदूकी येशूशीं वाद घालायला येतात आणि निरुत्तर होऊन जातात. वादांत त्याला जिंकलें असें एकच माणूस सांपडतें, आणि तें म्हणजे ही बाई. हें मीं मित्राला सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आजीला असें कांहीं उत्तर द्यावें एवढी अक्कल मला तेव्हां नव्हती. मी नुसता कप विसळीत असें."

त्यानें मला क्षमा केली कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. तसा शब्द त्यानें उच्चारला नाहीं, आणि मींहि पुन्हां मागितला नाहीं. चहा आला तो आम्ही प्यालों.

पुढचे आठवडे भराभर गेले. आठव्या अध्यायांत बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. ती दुसर्‍या कोणत्याहि शुभवर्तमानांत नाहीं. या एकाच रोग्याला बरें करायला येशूला दोन वेळां हात ठेवावा लागतो. पहिल्या खेपेस त्याला अर्धवट दिसतें, आणि माणसें हलत्या झाडांसारखीं वाटतात. "हा माझा माणूस," मित्र म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरनें दहा वेळां विचारलें कीं नक्की कसें दिसतें, आणि मला एकदांहि इतकें नीट सांगतां आलें नाहीं." अकराव्या अध्यायांत अंजिराचा हंगाम नसतांना अंजिराच्या झाडाला फळ नाहीं म्हणून शाप मिळतो. हंगाम नव्हता, हें मार्कच आपण होऊन सांगतो. मीं झाडाची बाजू घेतली. मित्रानें देवळाचा व त्या झाडाचा कांहीं संबंध जोडून दाखविला. तो मला पटला नाहीं, आणि त्यालाहि तो फारसा पटला असावा असें दिसलें नाहीं.

बाराव्या अध्यायांत मात्र एक शास्त्री येतो, तो वाद घालायला नव्हे तर विचारायला. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असें तो विचारतो, आणि देवावर व शेजार्‍यावर प्रीति करणें हें सर्व होमहवनांहून थोर आहे असें आपल्याच तोंडानें कबूल करतो. येशू त्याला म्हणतो कीं, तूं देवाच्या राज्यापासून लांब नाहींस. मी मनांतून सुखावलों. बारा आठवडे ज्या नांवाच्या वांट्याला दोषच आले त्याला एकदां तरी बरा शब्द मिळाला! मित्राच्या तें ध्यानांत आलें असावें. "लांब नाहीं म्हटलें आहे," तो म्हणाला, "पोंचला असें म्हटलेलें नाहीं." आणि दोघेहि हंसलों.

शेवटचा गुरुवार नाताळाच्या तोंडावर आला. खिडकींत कागदी तारा लागला होता, वहिनी करंज्या भरीत होत्या. आणि ज्या पुस्तकांत जन्माची गोष्टच नाहीं त्याच्या शेवटच्या अध्यायाशीं आम्ही आलों होतों. सोळावा अध्याय वीस ओव्यांचा आहे. परंतु व्हॅटिकनमधील व सिनाई पर्वतावरच्या मठांत मिळालेली, अशा चवथ्या शतकांतल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखित प्रती आहेत त्यांत तो आठव्या ओवीपाशींच संपतो. तीन स्त्रिया पहाटे कबरेकडे जातात, धोंड सरकलेली पाहतात, आंत बसलेला तरुण त्यांना सांगतो कीं तो उठला आहे आणि तुमच्या पुढें गालीलांत जात आहे. आणि त्या घाबरून पळतात, कोणाला कांहीं सांगत नाहींत. एवढेंच. शेवटचा ग्रीक शब्द 'कारण' अशा अर्थाचें एक अव्यय आहे. पुढच्या बारा ओव्या मागाहून दुसर्‍या कोणी जोडल्या, असें बहुतेक पंडितांचें मत आहे. सोळा आठवडे उभयान्वयी अव्ययांवर कुरकुरणार्‍या मला हा शेवट इतका आवडला कीं, आठव्या ओवीवर थांबून मीं पुस्तक मिटलें.

"अजून बारा आहेत," मित्र म्हणाला.

मीं त्याला हस्तलिखितांचा सगळा इतिहास सांगितला. त्यानें तो शांतपणें ऐकून घेतला. मग म्हणाला, "टिळक १९१९ सालीं गेले तेव्हां ख्रिस्तायन अपुरें होतें. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. टिळकांचे नव्हेत म्हणून ते अध्याय कोणी गाळतो काय?"

"पण ते लक्ष्मीबाईंनीं लिहिले हें सगळ्यांना ठाऊक आहे."

"हेहि दुसर्‍यानें लिहिले हें आतां मला ठाऊक झालें. माझ्या वडिलांनीं विसाव्या ओवीपर्यंत खुणा केल्या आहेत. वाच."

मीं चष्मा पुन्हां चढविला. समासांत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, मिशनच्या शाळेंतल्या मास्तराच्या हाताच्या, सरळ. मी वाचीत असतांना तो त्या कडेवरच्या रेघांवरून बोट फिरवीत होता. त्या बारा ओव्या मला तशाच, जोडल्यासारख्या, वाटल्या. त्याला तशा वाटल्या नाहींत.

लूक धरायचा कीं काय, असा प्रश्न निघाला. लूकाचे चोवीस अध्याय. पण गालीलांत पुढें गेला आहे असा निरोप आहे, आणि गालील तर पहिल्या अध्यायांत आहे, तेव्हां मार्कच पुन्हां पहिल्यापासून धरावा असें त्याचें म्हणणें पडलें. शिवाय शेजारच्या बाईंचा नियम मीं त्याला सांगितला होता. खंड पडला आहे, तेव्हां पहिल्यापासून धरणें भागच आहे, असें तो म्हणाला. पुढच्या गुरुवारीं नाताळ, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीं त्याला डोळ्यांत सुई टोंचून घ्यायला पुण्यास जायचें होतें. म्हणून त्याच्याहि पुढचा गुरुवार ठरला. निघतांना वहिनींनीं शेजारच्या बाईंसाठीं म्हणून करंज्यांचा डबा हातांत दिला. जिन्यांत त्या भेटल्या. उद्यापन झालें काय, असें त्यांनीं विचारलें. मीं डबा पुढें केला आणि या वेळीं कोणाच्या घरून आला तें सांगितलें. त्यांनीं डबा हातांत धरून क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग झांकण उघडलें आणि करंज्या तळतांना तेल नीट तापलेलें नव्हतें, असें त्या म्हणाल्या.